परदेशी विद्यार्थी वर्षभर घरी राहायला येतो तेव्हा : नव्या यजमानांसाठी मार्गदर्शक

युवा विनिमयाच्या योजना जुन्या आहेत. रोटरीच्या वर्तुळात या देवाणघेवाणीची सुरुवात १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातल्या क्लबाने केली असे मानले जाते. एएफएस ही संस्था पहिल्या महायुद्धातल्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांमधून उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, ती शाळकरी मुलांना परदेशी कुटुंबांत राहायला पाठवू लागली. महाराष्ट्रात पुण्या-मुंबईबाहेरच्या मध्यम शहरांत अशी मुले येतात ती बहुतेक रोटरी क्लबांमार्फत, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याच योजनेला धरून केले आहे. दुसऱ्या संस्थेमार्फत विद्यार्थी येणार असेल तर नियमांचे तपशील बदलतील, पण घरातली आणि गावातली तयारी फारशी बदलत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. यजमान म्हणजे ज्या घरात मूल राहते ते घर, असा सर्वांचा समज असतो आणि बाकीचे सगळे स्वागताच्या दिवशी हार घालून मोकळे होतात. प्रत्यक्षात क्लब, कॉलेज, डॉक्टर, शेजारी आणि दोन-तीन घरे यांनी मिळून हे वर्ष पेलायचे असते. सगळा भार एकाच कुटुंबावर पडला की दिवाळीपर्यंत त्या घराची दमछाक होते आणि मूलही त्या ताणात अडकते. म्हणून कामांची वाटणी मुलाच्या आगमनापूर्वीच कागदावर करून ठेवावी.

योजनेची रचना

दीर्घ मुदतीच्या विनिमयात १५ ते १९ वयोगटातला विद्यार्थी साधारण एक शैक्षणिक वर्ष राहतो, तीन-चार महिन्यांनी घर बदलतो आणि इथल्या शाळा-कॉलेजात जातो. अल्प मुदतीचा विनिमय काही दिवसांपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंतचा असतो आणि त्यात शाळेचा प्रश्न बहुधा येत नाही. पहिल्यांदाच यजमानपद घेणाऱ्या क्लबाने अल्प मुदतीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यजमान कुटुंबाला कोणताही मोबदला मिळत नाही. विद्यार्थ्याला दरमहा हातखर्चाची रक्कम यजमान क्लब देतो, विमान प्रवास आणि विमा हा त्याच्या पालकांचा खर्च असतो, आणि राहण्या-जेवण्याचा भार घर उचलते. कुटुंब रोटरीचे सदस्य असलेच पाहिजे असे नाही. मात्र घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची पार्श्वभूमी तपासली जाते, त्यात घरी राहणारे आजोबा आणि सुट्टीत येणारा थोरला मुलगाही आला. कोणी तरी येऊन घर पाहून जाते, संदर्भ विचारते. आपल्याकडे अशा चौकशीचा अपमान वाटण्याची शक्यता असते, म्हणून ती सर्वांचीच होते हे क्लबाच्या अध्यक्षांनी आधीच सांगितलेले बरे.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक काउन्सेलर नेमला जातो. तो यजमान कुटुंबातला नसावा, तसेच मुख्याध्यापक किंवा क्लबाचा अध्यक्ष यांसारख्या अधिकाराच्या पदावरचाही नसावा, कारण तक्रार घेऊन मुलाने ज्याच्याकडे जायचे तोच तक्रारीचा विषय किंवा तिचा निवाडा करणारा असून चालत नाही. याखेरीज परस्परांशी नाते नसलेल्या आणि यजमान घराशी किंवा काउन्सेलरशी जवळीक नसलेल्या किमान तिघांचे दूरध्वनी क्रमांक विद्यार्थ्याकडे द्यावे लागतात आणि त्यांत स्त्रिया व पुरुष दोन्ही असावे लागतात. लहान गावात सगळेच एकमेकांचे व्याही किंवा भागीदार निघतात, त्यामुळे ही यादी करायला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

सरकारी कागद

परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला (एफआरआरओ) ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने तो अर्ज ओळखला जातो. हॉटेले तो नेहमी भरतात, पण खाजगी घरालाही तो लागू आहे हे अनेकांना ठाऊक नसते. २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यातही निवासाची सोय करणाऱ्यावरची ही जबाबदारी कायम आहे. अर्ज भरण्यासाठी आधी पोर्टलवर स्वतःचे खाते उघडावे लागते, पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि ते खाते मंजूर व्हावे लागते. म्हणून हे काम मुलगा विमानात बसल्यावर हाती घेऊ नये, किमान दोन-तीन आठवडे आधी करून ठेवावे.

दुसरी नोंदणी विद्यार्थ्याची स्वतःची. व्हिसा १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीचा असेल तर आगमनानंतर १४ दिवसांच्या आत ती करावी लागते. ई-एफआरआरओ पोर्टलवर अर्ज, छायाचित्र, पारपत्र व व्हिसाची प्रत, यजमानाचे पत्र आणि कॉलेजचा दाखला अशी कागदपत्रे लागतात, आणि त्यांतला कॉलेजचा दाखला नेहमी उशिरा मिळतो. घर बदलले की नव्या घराने पुन्हा सी फॉर्म भरायचा आणि पत्त्यातला बदलही कळवायचा. मुलगा चार दिवस मावशीच्या गावी मुक्कामाला गेला तरी माहिती कळवण्याची जबाबदारी त्या घरावर येते, तेव्हा मावशीला आधी कल्पना द्यावी.

सहलींचे बेत ठरवतानाही हे ध्यानात ठेवावे. सिक्कीम, अरुणाचल प्रदेश अशा भागांत परदेशी नागरिकांना वेगळा परवाना लागतो. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात परदेशी अन्यधर्मीयांना प्रवेश नाही. वेरूळ-अजिंठ्याला भारतीयांना ४० रुपयांचे तिकीट आहे, तर बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० रुपयांचे. खिडकीपाशी उभे राहून त्यावरून वाद घालण्यापेक्षा हा खर्च क्लबाने आधीच धरून ठेवावा.

आणि निघण्यापूर्वीच मुलाला कळवावे की ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, ती सामानात आणणेही गुन्हा ठरतो. अनेक देशांत ती किराणा दुकानात मिळत असल्याने मुलांना यात काही गैर वाटत नाही.

घर निवडताना

स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असा नियम नाही, पण स्वतःचा पलंग असला पाहिजे, आणि खोली वाटून घ्यायची असेल तर ती साधारण समवयस्क व त्याच लिंगाच्या भावंडासोबतच. कपाटाचा एक कप्पा, अभ्यासाला टेबल, आणि आतून लावता येणारे दार असलेले स्नानगृह एवढे पुरेसे आहे. आपल्या घरांत दार न वाजवता खोलीत शिरण्याची सवय असते. घरातल्या सर्वांनी, आजीनेसुद्धा, ती सोडावी लागेल.

ज्या घरात त्या वर्षी बारावीचे मूल आहे त्या घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशी विद्यार्थी ठेवू नये. त्या दोन महिन्यांत अशा घरात दूरचित्रवाणी बंद असते, पाहुणे येत नाहीत आणि सगळे हळू आवाजात बोलतात. बाहेरून आलेल्या मुलाला ही आपल्यावरची नाराजी वाटते. त्या घराला जुलै ते ऑक्टोबरचा काळ द्यावा, म्हणजे गणपती आणि नवरात्र त्यांच्याकडे होईल. ज्यांचे स्वतःचे मूल त्याच योजनेतून बाहेर गेले आहे अशी घरे सर्वांत उत्सुक असतात, पण गेलेल्या मुलाची जागा आलेल्याने भरून काढावी अशी अपेक्षा नकळत धरली जाते. काउन्सेलरने त्यांच्याशी यावर आधीच मोकळेपणाने बोलावे.

स्वयंपाकघर

नवखे यजमान तिखटाची चिंता करतात. ती फार करू नये, कारण तिखट दोन महिन्यांत अंगवळणी पडते. खरी चिंता ॲलर्जीची करावी, आणि इथे मराठी स्वयंपाकघराची एक अडचण आहे. विद्यार्थ्याच्या अर्जात शेंगदाण्याची ॲलर्जी लिहिलेली असेल तर ‘आम्ही त्याला शेंगदाणे देणार नाही’ एवढे म्हणून भागत नाही. दाण्याचा कूट साबुदाण्याच्या खिचडीत असतो, काकडीच्या कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात, आमटीत, मेथीच्या भाजीत, चटणीत असतो. अनेक घरांत तळणाचे तेलही शेंगदाण्याचेच असते. शिवाय कूट करायचे मिक्सरचे भांडे आणि खोबरे वाटायचे भांडे बहुधा एकच असते. ॲलर्जी गंभीर असेल तर त्या मुलासाठी असे घर निवडावे जिथे वर्षभर कूट बंद करण्याची खरोखर तयारी आहे, आणि सोबत आणलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन कुठे ठेवले आहे व ते कसे द्यायचे हे घरातल्या प्रत्येकाला आणि कॉलेजातल्या एका शिक्षकाला शिकवून ठेवावे. ही तयारी होत नसेल तर तो विद्यार्थी नम्रपणे दुसऱ्या गावाकडे सोपवावा. त्यात कमीपणा नाही.

ग्लूटेन चालत नसलेल्या मुलाच्या बाबतीत ज्वारी, बाजरी आणि तांदळाची भाकरी हे आपल्याकडचे मोठे सुख आहे. मात्र गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो, त्यामुळे पीठ घरघंटीवर दळावे किंवा ग्लूटेनविरहित असल्याची खात्री असलेले पाकीटबंद घ्यावे. बाजारातल्या बहुतेक खड्याच्या व पुडीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे पुष्कळ सुगरणींनाही माहीत नसते. वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत.

घर शाकाहारी असेल तर ते अर्जावर स्पष्ट लिहावे आणि बाहेर जाऊन अंडी-मांस खाल्लेले चालेल का, तेही आधी ठरवावे. दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण उत्तर महिन्यागणिक बदलू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी कायदा आहे, गोमांस जवळ बाळगण्यावरही निर्बंध आहेत, हे मुलाला एकदा शांतपणे सांगून ठेवावे. चतुर्थी-एकादशीला घर उपाशी असले तरी मुलासाठी साधे जेवण करून ठेवावे. उपास त्याला करून पाहायचा असेल तर अवश्य करू द्यावा, आणि बहुतेक मुले साबुदाण्याच्या वड्यासाठी तो आनंदाने करतात.

आग्रह हा आपला सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत त्रासदायक गुण आहे. ‘नको’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारावे, तिसऱ्यांदा वाढू नये. मुलाने ताटात टाकले तर आपल्याला वाईट वाटते आणि न टाकता खाल्ले तर त्याचे पोट बिघडते.

आगमन आणि पहिली संध्याकाळ

मुंबईला उतरणारी बरीचशी आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीच्या आसपास येतात आणि पुढे सांगली, कोल्हापूर किंवा जळगाव गाठायला सात-आठ तास लागतात. घ्यायला दोन प्रौढ माणसांनी जावे, मुलगी येणार असेल तर त्यांत एक स्त्री असावीच. शाल, श्रीफळ, ढोलताशा आणि छायाचित्रकार हे सगळे आठवडाभर पुढे ढकलावे. घरी पोहोचल्याचा निरोप पालकांना द्यावा आणि मुलाला झोपू द्यावे.

दुसऱ्या संध्याकाळी यजमान आई-बाबांनी आणि विद्यार्थ्याने एकत्र बसून ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ सोडवावेत. विनिमयाच्या जगात अशी प्रश्नावली सर्वत्र वापरतात आणि तिचा उपयोग असा की संकोचाचे विषय कोणाला स्वतःहून काढावे लागत नाहीत. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, आई-बाबा की काका-काकू? घराची किल्ली मला मिळेल का? संध्याकाळी किती वाजेपर्यंत परतायचे आणि उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचे? इंटरनेटचा पासवर्ड कोणता आणि रात्री फोन कुठे ठेवायचा? कपडे मी धुवायचे की यंत्रात टाकायचे, आणि अंतर्वस्त्रे कुठे वाळत घालायची? मला घरातले कोणते काम करायचे आहे?

शेवटच्या प्रश्नाला ‘काही नको’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पहिल्याच आठवड्यात एखादे ठरलेले काम नेमून द्यावे, पाणी भरणे, ताटे घेणे, झाडांना पाणी घालणे असे. घरकामाला येणाऱ्या मावशी आपली खोली आवरतील असे मुलाने गृहीत धरू नये, हेही तेव्हाच ठरवावे.

स्नानगृह प्रत्यक्ष दाखवावे. गीझर किती वेळ आधी लावायचा, बादली-मग कसा वापरायचा, शौचालयातला जेट कसा चालतो आणि कागद भांड्यात का टाकायचा नाही, हे समजावण्यात पाच मिनिटे जातात आणि महिनाभराची घुसमट वाचते. मुलगी असेल तर पॅड कुठे मिळतात आणि कागदात गुंडाळून कुठे टाकायचे हे यजमान आईने सांगावे. पाळीच्या दिवसांत देवघरात न जाण्याची प्रथा तुमच्या घरात पाळली जात असेल तर ती लपवू नये आणि प्रसंग आल्यावर सर्वांसमोर अडवूही नये. आधी एकांतात सांगावे, आणि तिचे मत वेगळे असले तर ते ऐकण्याची तयारी ठेवावी. ‘बाजूला बसणे’ कडकपणे पाळणाऱ्या घराने मुलीचे यजमानपद घेऊ नये.

मद्य, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमसंबंध या चार गोष्टींना योजनेत मज्जाव असतो. आपल्याकडे त्यांतला वाहनाचा नियम सर्वांत सहज मोडला जातो, कारण गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटी नेणे म्हणजे वाहन चालवणे, असे आपण मानतच नाही. किल्ली अजिबात देऊ नये. मागे बसताना हेल्मेट असावे. होळी-रंगपंचमीला भांग कुठल्या पेल्यात आहे यावर एका मोठ्या माणसाची नजर असावी.

कॉलेज आणि गाव

अशा विद्यार्थ्याला बहुधा अकरावीच्या वर्गात बसवतात. तिथली अडचण अशी की शहरातली बरीच मुले क्लासला जातात आणि कॉलेजचे वर्ग ओस पडलेले असतात. रिकाम्या वर्गात बसून कोणाचे मित्र जमत नाहीत. म्हणून प्राचार्यांशी बोलताना प्रवेशाइतकाच हजेरीचा विचार करावा, आणि जिथे वर्ग खरोखर भरतात असे कनिष्ठ महाविद्यालय किंवा शाळा निवडावी. त्याच वर्गातली दोन-तीन मुले सोबती म्हणून आधीच ठरवावीत. दुपारच्या वेळात तबला, कथक, मल्लखांब, स्वयंपाक, मोडीचे वर्ग असे काही तरी नियमित लावून द्यावे. रोज मराठी शिकवणारे एक माणूस हवेच, आणि या कामाला निवृत्त शिक्षिकेसारखे दुसरे कोणी नाही.

गावात लोक पाहतील, सेल्फी मागतील, पगार आणि जात विचारतील. गोऱ्या मुलाला याचा कंटाळा येतो. तैवानच्या किंवा कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र टोपणनावे आणि कुजबुज येते, आणि हे आपल्याच गल्लीत घडते हे मान्य करून शेजाऱ्यांशी व कॉलेजातल्या मुलांशी तो येण्याआधीच बोलावे. गणेश मंडळाची आरती, दुकानाचे उद्घाटन, स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे अशी आमंत्रणे येतील. सोळा वर्षांच्या मुलाला फीत कापायला नेऊ नये. आरतीला जरूर न्यावे, गर्दीत उभे करावे, टाळ हातात द्यावा. विसर्जनाच्या आणि दहीहंडीच्या गर्दीत तो ओळखीच्या घोळक्यातच असावा. छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी त्याला विचारावे आणि तो कुठे राहतो, कुठल्या वेळी कुठे जातो हे त्यातून कळू देऊ नये.

आजारपण आणि सुरक्षितता

एक फॅमिली डॉक्टर आधीच ठरवावा. पालकांचे वैद्यकीय उपचारांसाठीचे लेखी संमतिपत्र आणि विम्याची प्रत त्याच्याकडे व घरी ठेवावी. पहिला महिनाभर फिल्टरचे वा उकळलेले पाणी द्यावे आणि पाणीपुरी टाळावी. पावसाळ्यात ताप आल्यास मुलाने घरून आणलेले आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल द्यावे आणि डॉक्टरकडे न्यावे. कुत्रा चावल्यास किंवा ओरखडले तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. युरोपातून आलेली मुले रस्त्यावरच्या कुत्र्याला सहज हात लावतात.

लैंगिक छळाची तक्रार आल्यास ‘आपापसात मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीबाबत पोक्सो कायदा, २०१२ लागू होतो आणि ज्याला माहिती कळली त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला लगेच त्या घरातून किंवा त्या व्यक्तीच्या संपर्कातून दूर करावे. रोटरी इंटरनॅशनललाही ७२ तासांच्या आत कळवावे लागते. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी घालून द्यावेत.

घराची आठवण येणे हा आजार नव्हे. पहिले काही आठवडे नवलाईत जातात, नंतर ओढ सुरू होते, आणि युरोप-अमेरिकेतल्या मुलांना डिसेंबर जड जातो. नाताळला क्लबाच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाकडे न्यावे किंवा घरीच त्याला हवा तो पदार्थ करू द्यावा. दिवसातून चार वेळा घरी व्हिडिओ कॉल होत असेल तर काउन्सेलरने दोन्हीकडच्या पालकांशी बोलून तो हळूहळू आठवड्यातून एकावर आणावा. मात्र जेवण सुटले, झोप उडाली, मूल खोलीबाहेर येईना, असे आठवडाभर दिसले तर ती ओढ समजून थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

घर बदलताना आणि परतताना

तीन-चार महिन्यांनी घर बदलते. पहिल्या घरातली आई रडते, दुसऱ्या घरातली तुलना ऐकून कानकोंडी होते. हे टाळण्यासाठी दोन्ही कुटुंबांनी बदलाच्या आधी एकदा एकत्र जेवावे आणि पहिल्या घराने ॲलर्जी, औषधे, झोपेची वेळ, ठरलेले नियम हे सगळे लिहून द्यावे. तक्रारी मात्र लिहू नयेत, त्या काउन्सेलरला सांगाव्यात. बदलानंतर पहिले दोन आठवडे जुन्या घराने फोन कमी करावेत.

मार्च संपल्यावर कॉलेज बंद होते आणि उन्हाळ्यात मूल दिवसभर एकटे राहते. भारतदर्शनाची सहल बहुधा मार्च-एप्रिलच्या सुमारास असते, तिच्या आगेमागे शिबिर, कोकणातले घर, एखादा छोटा प्रकल्प असे काही ठरवून ठेवावे.

परतीच्या महिनाभर आधी कॉलेजकडून उपस्थितीचा आणि शिकलेल्या विषयांचा इंग्रजी दाखला मागून घ्यावा, कारण जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत तो मिळत नाही आणि त्याच्या देशातली शाळा वर्ष मान्य करताना तो मागू शकते. व्हिसाची मुदत आणि नोंदणीची कागदपत्रे तेव्हाच पुन्हा तपासावीत. भेटवस्तू देणाऱ्या सर्व घरांना सामानाच्या वजनाची मर्यादा कळवावी. पितळी समई आणि लोणच्याच्या बरण्या यांपैकी एकच काही तरी जाणार आहे, आणि ते काय असावे हे मुलाला ठरवू द्यावे.